जत्रेतली गाडी आणि उजाड जगाची शर्यत

खेळण्यातली स्वस्त गाडी घ्यायची, तिच्यावर पत्रे, बंदुका आणि गंज चढवायचा, आणि जग उद्ध्वस्त झाल्यावरच्या लढाईत ती टेबलावर उतरवायची. हा छंद विलायती आहे, तरी तो विदर्भातल्या कुठल्याही गावात बसून करता येतो. तो इतका आवाक्यात कसा आला, हे मागे जाऊन पाहण्यासारखं आहे.

टेबलावरच्या युद्धखेळाचा आधुनिक इतिहास सुरू होतो तो राजवाड्यात. १८१२ साली बॅरन राइसवित्झ यांनी प्रशियाच्या (तेव्हाच्या एका जर्मन राज्याच्या) राजाला सादर केलेला खेळ म्हणजे एक भलंमोठं टेबलच होतं. त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये तो कागदी नकाशावर आणला आणि सैन्याने प्रशिक्षणासाठी उचलला. घरगुती करमणूक म्हणून अशा खेळाचे नियम इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये छापले, तेही दुकानात मिळणारे शिशाचे शिपाई धरून. पुढे खास खेळासाठी मूर्ती ओतणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि छंद पुन्हा महागला.

गाडीची गोष्ट निराळी. लंडनमध्ये १९४७ साली लेस्नी नावाची कंपनी निघाली. तिथल्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत आगपेटीत मावेल एवढंच खेळणं नेण्याची मुभा होती, म्हणून त्यांनी तिला इवलासा रोडरोलर करून दिला. त्यातून १९५३ मध्ये मॅचबॉक्स गाड्या बाजारात आल्या. गाडी पेटीच्या मापाने बनायची, त्यामुळे बस आणि मोटार जवळपास एकाच लांबीच्या. गाड्या बदलणाऱ्याला हे आजही छळतं: ट्रकच्या खिडकीतून माणूस डोकावेल म्हणावं, तर ती मुंगीएवढी. १९६८ मध्ये मॅटेलने हॉट व्हील्स काढल्या आणि साधारण १:६४, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्श्याएवढं, हे माप रुळलं.

मग सिनेमा आला. १९७३ च्या तेलटंचाईची आठवण ताजी असताना, १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात ‘मॅड मॅक्स’ निघाला. १९८१ च्या दुसऱ्या भागाने तर पेट्रोलसाठी मारामारी आणि भंगारातून जोडलेली वाहनं हे रूपच ठरवून टाकलं. त्याच सुमारास अमेरिकेत ‘कार वॉर्स’ हा टेबलावरचा खेळ आला. त्यात गाड्या म्हणजे पुठ्ठ्याचे तुकडे होते. इंग्लंडच्या ‘डार्क फ्युचर’ने १९८८ मध्ये स्वतःच्या प्लास्टिक गाड्या दिल्या. २०१७ मध्ये माइक हचिन्सन यांचा ‘गॅसलँड्स’ हा खेळ आला आणि त्याने मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट केली: फक्त नियमांचं पुस्तक दिलं. गाडी तुमची, घरात पडलेली. वळणाचे साचे, म्हणजे गाडी टेबलावर कशी सरकेल ते ठरवणाऱ्या पट्ट्या, पुस्तकातून छापून कापायचे. संघ उभारायला प्रत्येकाकडे ठरावीक ‘डबे’, म्हणजे खर्चायचे गुण, असतात, त्यात गाडी आणि शस्त्रं बसवायची.

आमच्याकडे चाकाच्या खेळण्याला सजवणं नवं नाही. तान्हा पोळा दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केल्याचं सांगतात. तेव्हापासून पोट्टे चाकं लावलेला लाकडी बैल रंगवतात, त्याला झूल घालतात आणि दारोदार नेतात. बहिरमच्या यात्रेत किंवा आठवडी बाजारात मिळणारी गाडी त्यांच्याच हातात येते. सामानही गावातच असतं. जळालेल्या मोटारपंपाची तांब्याची तार, कूलरची जाळी, संपलेल्या पेनची रिफिल (तोफेची नळी म्हणून हिच्याइतकं चांगलं काही नाही), एम-सील, फेव्हिक्विक. गंजासाठी वेल्डिंगवाल्याकडचा रेड ऑक्साइड थोडासा, स्पंजाच्या तुकड्याने टिपत लावायचा. चाकांत आणि बुडाशी चाळलेली माती. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वाळक्या काड्यांचं उजाड रान तर फुकट होतं.

जस्ताच्या मिश्रधातूची गाडी उघडायची तर बुडाच्या रिव्हेटवर बारीक ड्रिल चालवावं लागतं. स्वस्त प्लास्टिकच्या गाडीला तेवढं कष्ट नाही, पण थिनर लावला तर ती विरघळते. तिच्यावर पाण्यात मिसळणारा अॅक्रेलिक रंगच बरा. मे महिन्यातल्या दुपारी स्प्रे मारू नये. रंग पृष्ठभागावर पोचण्याआधीच वाळतो आणि खरबरीत बसतो.

एक बदल मात्र अलीकडचा. २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. मुलांच्या सुरक्षेसाठी हे मला योग्यच वाटतं. पण त्यामुळे देशी गाड्यांकडे वळायचं, तर बाजारात ज्या देशी मागे ओढून सोडायच्या गाड्या दिसतात, अॅम्बेसेडर, रिक्षा, मालट्रक, त्या १:६४ पेक्षा बऱ्याच मोठ्या असतात. त्यावर उपाय सोपा आहे: साचे आणि अंतरं त्याच पटीत वाढवायची आणि टेबलाऐवजी ओसरीवर मांडायचं. मालट्रकवर जाळी ठोकून केलेली लढाऊ गाडी, आणि तिच्या मागे तीन रिक्षा, हे दृश्य कुठल्याही विलायती संघात सापडणार नाही.