टाइपस्क्रिप्टच्या डिक्लेरेशन फाइलमधले नको असलेले टाइप रेफरन्स

टाइपस्क्रिप्टमध्ये, म्हणजे टाइप जोडलेल्या जावास्क्रिप्टमध्ये, लिहिलेली लायब्ररी बिल्ड केली की कंपायलर जावास्क्रिप्टसोबत डी-टीएस फाइलही (डिक्लेरेशन फाइल, लायब्ररीतल्या टाइपांची यादी) काढून देतो. ५.५ च्या आधीच्या आवृत्त्यांत तिच्या डोक्यावर कधीकधी तीन तिरक्या रेघांची ‘रेफरन्स टाइप्स नोड’ (नोडचे, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामचे, टाइप लागतील असं सांगणारी) ओळ येऊन बसायची, जी आपण कुठेच लिहिलेली नसायची. हाच नको असलेला टाइप रेफरन्स.

तीन रेघांची ही पद्धत आली कुठून? सी-शार्पमध्ये डॉक्युमेंटेशन कॉमेंट अशाच तीन रेघांनी लिहितात आणि सी-शार्प, टाइपस्क्रिप्ट दोन्हींमागे अँडर्स हेल्सबर्ग, त्यामुळे तिकडूनच आली असं पटकन वाटतं. पण व्हिज्युअल स्टुडिओ २००८ मध्ये साध्या जावास्क्रिप्ट फाइलीत वर ‘रेफरन्स पाथ’ लिहिलं की दुसऱ्या फाइलीतली नावं एडिटर सुचवायचा, आणि टाइपस्क्रिप्टच्या सुरुवातीच्या काळातली ओळ हुबेहूब तशीच आहे, म्हणून हा दुवा जास्त जवळचा धरावा. ‘पाथ’ऐवजी ‘टाइप्स’वाली ओळ मात्र नंतरची, २०१६ च्या २.० आवृत्तीतली, अ‍ॅट-टाइप्स पॅकेजांसोबत (दुसऱ्या लायब्ररींचे नुसते टाइप देणारी पॅकेजं) आलेली.

ओळ घुसायची ती बहुतेकदा न लिहिलेल्या रिटर्न टाइपमधून, म्हणजे फंक्शन काय परत देतं हे कंपायलरवर सोडल्यामुळे. सोलापुरात चादर-टॉवेलच्या कारखान्यासाठी ऑर्डरचं स्क्रीन करताना आम्ही एक छोटं फंक्शन एक्स्पोर्ट केलं होतं, दर मिनिटाला शिल्लक माल तपासणारं, आणि त्यातून सेटटाइमआउटची (टायमर लावणाऱ्या फंक्शनची) किंमत तशीच परत दिली. ब्राउझरच्या टाइपांत तो नुसता नंबर असतो, पण टेस्टसाठी नोडचे टाइप टाकलेले असल्यामुळे कंपायलरने तो ‘नोडजेएस डॉट टाइमआउट’ ठरवला आणि डी-टीएसवर नोडची ओळ चढवली. आमच्याकडे सगळं हिरवं, आणि ज्याच्याकडे नोडचे टाइप नाहीत त्याच्या बिल्डला टीएस२६८८ ही एरर, टाइप डेफिनिशन फाइल सापडत नाही म्हणून. ज्याने काहीच चुकवलं नाही त्याचं काम अडतं, म्हणून हे किरकोळ समजू नये.

बिल्डनंतर स्क्रिप्टने ती ओळ खोडायची सवय बऱ्याच जणांना आहे, ती चुकीची: खाली टाइमआउटचं नाव तसंच राहतं आणि मग वापरणाऱ्याच्या बिल्डला ते नावच सापडत नाही. आधी एक्स्पोर्ट होणाऱ्या फंक्शनचा टाइप हाताने लिहावा. आमच्या फंक्शनने टायमर न देता तो थांबवणारं फंक्शन द्यायला लागल्यावर नोडचं नाव बाहेर यायचं कारणच उरलं नाही. दुसरं, टीएसकॉन्फिगमधला (कंपायलरच्या सेटिंग्जच्या फाइलीतला) ‘टाइप्स’ पर्याय. तो दिला नसला की बरीच वर्षं नोड-मॉड्यूल्समधली (पॅकेजं जिथे टाकली जातात त्या फोल्डरमधली), वरच्या फोल्डरांमधलीसुद्धा, सगळी अ‍ॅट-टाइप्स पॅकेजं आपोआप आत यायची. मोनोरेपोत, म्हणजे अनेक प्रोजेक्ट एकाच रिपॉझिटरीत असले की, हे फार नडतं. रिकामी यादी दिली की ते थांबतं, पण एखाद्या इम्पोर्टनेच नोडचे टाइप ओढून आणले तर ही यादी त्यांना अडवत नाही.

टाइप खरंच बाहेर दिसायला हवा असेल तर ते पॅकेज डेव्ह-डिपेंडन्सीत (फक्त आपल्या कामापुरत्या यादीत) न ठेवता डिपेंडन्सीत (लायब्ररीसोबत वापरणाऱ्याकडेही जाणाऱ्या यादीत) ठेवावं.

२०२४ च्या ५.५ आवृत्तीपासून कंपायलर अशी ओळ स्वतःहून घालत नाही, आणि आपण लिहिलेली ओळही ‘प्रिझर्व्ह ट्रू’ म्हटल्याशिवाय डी-टीएसमध्ये ठेवत नाही. त्यामुळे जी लायब्ररी नोडचे ग्लोबल (इम्पोर्ट न करता वापरता येणारे) टाइप मुद्दाम बाहेर देते तिने अपग्रेड करताना हे ‘प्रिझर्व्ह’ आठवणीने लिहावं.