तीरकमठ्याची मूठ सुधारून घेण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"मूठ जरा मऊ करून द्या." आमच्या कार्यशाळेत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. किनवट-माहूरकडच्या एखाद्या घरातला आजोबांच्या काळचा बांबूचा कमठा असो, नाहीतर नांदेड-परभणीच्या शाळेतल्या लेकरासाठी घेतलेला लाकडी मुठीचा असो, तक्रारी त्याच असतात. अंगठ्याखाली दुखतं, घामानं हात घसरतो, दोरी मनगटाच्या आतल्या बाजूला सटकन बसते. यांतल्या एकाही तक्रारीवर मऊपणा हे औषध नाही. दरवेळी हात त्याच जागी आणि त्याच कोनात बसला पाहिजे, यासाठी मूठ असते. ती बैठक साधली की दुखणं आणि फटके बहुतेक वेळा त्यातच कमी होतात.

म्हणून काम हाती घेण्याआधी आम्ही तुमच्या हाताकडे बघतो, कमठ्याकडे नंतर.

हात कुठे टेकतो ते आधी बघा

हे घरीच करता येतं. तळहाताला खडूची भुकटी चोळा, कमठा नेहमीसारखा धरा, दोरीवर बाण लावून सुरक्षित जागी समोर लक्ष्य ठेवूनच ओढा आणि मारा. मग तळहात बघा. भुकटी आयुष्यरेषेच्या अंगठ्याकडच्या बाजूला, म्हणजे अंगठ्याच्या गादीवर पुसली गेली असेल तर धरण्याची पद्धत ठीक आहे. ती सगळ्या तळहातावरून, करंगळीच्या बाजूपर्यंत पुसली गेली असेल तर तुम्ही कमठा आवळून धरताय. कुऱ्हाडीचा दांडा आवळावाच लागतो, कमठ्याला नुसता टेकू द्यायचा असतो. बोटं सैल, बोटांची पेरं उभ्या रेषेला साधारण ४५ अंशांत तिरपी, आणि दाब अंगठ्याच्या गादीवर.

आवळलेली मूठ बाण सुटताना कमठ्याला पीळ देते, त्यामुळे बाण डावी-उजवीकडे फाकतात. शिवाय आवळताना मनगटापासून कोपरापर्यंतची आतली बाजू दोरीच्या वाटेत येते. मनगटावरचे वळ बऱ्याचदा त्यातूनच उठतात. बाण वर-खाली पडत असतील तर बहुधा कधी तळहाताचा वरचा भाग दाबतोय, कधी मनगटाजवळचा. मनगटाजवळचा भाग सतत रेटत राहिला की कमठ्याच्या खालच्या भुजेवर, म्हणजे मुठीखालच्या वाकणाऱ्या भागावर, जास्त भार येतो. जुन्या लाकडाला तो फार दिवस सोसत नाही.

मुठीचा घेर बरोबर आहे का, हे ओळखायची आमची रीत सोपी आहे. कमठा सैल धरल्यावर मधल्या बोटाचं टोक अंगठ्याच्या गादीला नुसतं टेकावं. रुतलं तर मूठ बारीक आहे. टोक पोचतच नसेल तर जाड. सहावी-सातवीतल्या मुलाला वडिलांचा कमठा दिला की बहुतेक वेळा मूठ जाड निघते, आणि मग घरातलं कोणीतरी कानस घेऊन बसतं.

कानस हातात घेण्याआधी

लाकडाचा कडकपणा जाडीच्या (लक्ष्याकडून छातीकडे मोजलेल्या मापाच्या) घनाच्या प्रमाणात बदलतो. ४० मिलिमीटर जाड मूठ घासून ३६ वर आणली, तर दिसायला फरक नखाएवढा, पण तिथला कडकपणा सुमारे २७ टक्क्यांनी उतरतो. आधी न वाकणारी मूठ मग वाकायला लागते, आणि मुठीवर चिकटवलेला ठोकळा असेल तर त्याचा सांधा उकलतो. रुंदी कमी केली तर कडकपणा त्याच प्रमाणात घटतो, घनाच्या हिशोबानं नाही. म्हणून मूठ खरोखरच मोठी असेल आणि ती न वाकणारी असेल, तर आम्ही फक्त दोन्ही बाजूंनी हलकं तासतो. पाठ आणि पोट यांना हात लावत नाही.

पाठ म्हणजे लक्ष्याकडची बाजू, पोट म्हणजे आपल्या छातीकडची. ताण पाठ सोसते. बांबूत तर बळकट धागे सगळ्यात दाट असतात ते बाहेरच्या सालीलगतच, म्हणून सालीची चकाकी जाईपर्यंत घासलेला किंवा पेर सपाट केलेला बांबू आम्ही मूठ बसवायला घेत नाही. तो कमठा भिंतीवर शोभेला ठेवा. मुठीत खिळा, स्क्रू किंवा भोक असेल तरी आमचं उत्तर तेच.

थोडक्यात, मूठ सुधारताना शक्यतो वरून चढवावं, आतून काढू नये.

तुमच्या कमठ्याची मूठ वाकते की नाही?

पुढचं सगळं काम यावर ठरतं. शाळेच्या कंपासमधली १५ सेंटिमीटरची पट्टी घ्या. दोरी उतरलेली असताना ती मुठीच्या पोटावर उभी टेकवा आणि फट किती ते बघा. दोरी चढवून पुन्हा बघा. मधली फट वाढली तर मूठ वाकते. आपल्याकडचे साधे, एकाच बांबूचे कमठे बहुधा असेच असतात, टोकापासून टोकापर्यंत अख्खे वाकणारे. त्यात दोष काही नाही. फक्त अशा मुठीवर लाकडाचा ठोकळा किंवा एपॉक्सीची (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या डिंकाची) लुगदी बसवू नये. खालचं लाकूड वाकतं, वरचं वाकत नाही, आणि सांध्यावर टक टक आवाज येऊन एक दिवस तुकडा सुटतो. या कमठ्यांना चामडं किंवा दोरा.

मूठ वाकत नसेल तर मात्र पोटाच्या बाजूला चिंचेचा किंवा शिसवाचा पातळ तुकडा चिकटवून हवा तो आकार देता येतो. हे काम आम्ही एपॉक्सीनं करतो. जुन्या कमठ्यांवर सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला डिंक, सापडतो. त्याची पकड चांगली असते, पण पावसाळ्यात दमट हवेनं तो ढिला पडतो, म्हणून तो पूर्ण काढून मगच नवं काम करावं लागतं.

चामड्याची मूठ

आमची पहिली पसंती हीच, आणि दोन्ही प्रकारच्या कमठ्यांना चालते. वरच्या वेष्टनासाठी शेळीचं चामडं वापरतो. तेही बाभळीच्या सालीत कमावलेलं, क्रोमचं (क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं) नाही. क्रोमचं चामडं स्वस्त आणि रंगीत मिळतं, पण ओलं करून साच्यासारखं बसवायला गेलं तर आकार धरत नाही. सालीत कमावलेलं चामडं ओलं असताना लाकडाचा प्रत्येक उंचसखलपणा घेतं, आणि वाळताना थोडं आकसून घट्ट बसतं.

खरी सुधारणा मात्र त्या वेष्टनाच्या खाली असते. म्हशीच्या चामड्याची २-३ मिलिमीटर जाड पट्टी पोटाच्या बाजूला, अंगठ्याची गादी टेकते तिथे बसवतो. पट्टीच्या कडा रापीनं (चामडं तासायच्या पात्यानं) तासून शून्यावर आणलेल्या, म्हणजे वरून पायरी लागत नाही. वर थोडी खोलगट, खाली हलका फुगवटा. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी त्या खोलगटीत जाऊन बसते. डोळे मिटून कमठा उचलला तरी हात तिथेच जातो की नाही, हे आम्ही तुमच्यासमोर पाहतो. जात नसेल तर पट्टी वर-खाली सरकवतो. शिवण त्यानंतर. शिवण झाल्यावर "थोडं वर घ्या ना" म्हणालात तर वेष्टन फाडावं लागतं, म्हणून घाई करू नका.

शिवणीची जागा पाठीच्या बाजूला, बोटांच्या टोकांखाली येईल अशी. अंगठ्याच्या गादीखाली शिवण आली तर पन्नास बाणांतच फोड येतो. आरीनं भोकं आधी पाडतो, दोरा मेणाचा. लांबी तुमची चार बोटं अधिक अंगठ्याची रुंदी, त्यापेक्षा फार नको.

उन्हाळ्यात चामडं सावलीत लवकर वाळतं, श्रावणात वेळ लागतो. उन्हात ठेवून घाई केली तर ते कडक होऊन कडेला तडकतं.

दोऱ्याची मूठ

घाम फार येणाऱ्यांना आम्ही हीच सुचवतो. मराठवाड्यातल्या मे महिन्यात मैदानावर उभं राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. सुती दोरा किंवा अंबाडीची बारीक, एकसारखी पिळलेली सुतळी, खाली शेळीच्या चामड्याचा एक थर. दोऱ्याचा फास मुठीवर आडवा ठेवून त्यावर वेढे घ्यायचे, शेवटचं टोक फासातून काढून फास ओढला की टोक वेढ्यांखाली जातं. गाठ कुठेच नाही. वेढे एकमेकांना चिकटून हवेत. सैल वेढा हाताखाली सरकतो आणि नेमका स्पर्धेतच सरकतो. अंबाडी पहिले काही दिवस हाताला टोचते, त्यानंतर मऊ पडते.

सायकलची ट्यूब, स्पंज, बॅटची रबरी ग्रिप

तिन्ही आमच्याकडे गुंडाळलेल्या येतात, आणि त्या काढणं हे कामातलं पहिलं पाऊल असतं. स्पंज दरवेळी वेगळा दबतो, म्हणजे हात दरवेळी वेगळ्या ठिकाणी. रबर तळहाताला धरून ठेवतं, त्यामुळे हात वाकडा बसला तर तसाच राहतो, घसरून जागेवर येत नाही. शिवाय खाली घाम साचतो आणि लाकूड काळं पडतं. बॅट आवळून धरायची असते, तिथे ती ग्रिप योग्यच आहे.

बाण टेकवायची जागा

बाण थेट बोटाच्या पेरावरून जात असेल तर पिसाच्या पुढच्या टोकाने कातडी कापते. मुठीच्या वरच्या कडेला चामड्याच्या दोन-तीन थरांची छोटी, वरून गोलसर पायरी शिवून देता येते. गोलसर यासाठी, की बाण कमीत कमी जागी घासावा. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी ही पायरी त्यांच्या गटाच्या नियमात बसते का, हे प्रशिक्षकांना विचारूनच आम्हाला सांगावं.

पायरी बसली की बाणाची उंची बदलते, म्हणून दोरीवरची बाण लावायची खूणही बदला. गुण्या लावून काटकोन काढा आणि त्याच्या पाच-सहा मिलिमीटर वरून सुरुवात करा. दोरी आणि मूठ यांतलं अंतर मोजताना आता माप लाकडापासून घ्या. पोटाकडे ३ मिलिमीटर चामडं आलंय, चामड्यापासून मोजलं तर तेवढं अंतर कमी दिसेल. ते भरून काढायला दोरी पिळून आखूड करू नका.

घरी नेल्यावर

महिन्यातून एकदा चिमूटभर मेण चोळून कापडानं पुसा, पुरे. गोडेतेल, खोबरेल लावू नका. चामडं पिऊन घेतं, ढिलं होतं आणि वेष्टन फिरायला लागतं. लाकडाला जवसाचं तेल चालेल, पातळ हातानं. मात्र तेल पुसलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

उन्हात उभ्या बंद गाडीत कमठा ठेवू नका. चिकटवलेला सांधा त्या उष्णतेत मऊ पडतो. दोरी चढवलेली ठेवू नका, आणि बाण न लावता ओढून सोडू नका.

आमच्याकडे येताना

कमठा, दोरी, नेहमीचे दोन-तीन बाण आणि जो कमठा वापरणार आहे ती व्यक्ती, हे सगळं एकत्र यावं. लेकराची मूठ वडिलांच्या हातावर बेतून होत नाही. डावखुऱ्यांनी आधीच सांगावं, पट्टीचा उतार आणि बाणाची पायरी दोन्ही उलट्या बाजूला येतात. वाढत्या वयाच्या मुलांसाठी आम्ही खालची पट्टी फक्त शिवून बसवतो, चिकटवत नाही, म्हणजे पुढच्या वर्षी तीच मूठ उसवून जाड करता येते. शिकारीसाठी कमठा तयार करून देत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि किनवटच्या जंगलालगत राहणाऱ्या कोणालाही ते ठाऊक आहे.

दर कार्यशाळेतल्या फळ्यावर लिहिलेले आहेत. दसऱ्याच्या आधीच्या पंधरवड्यात गर्दी असते आणि हवाही अजून दमट असते, त्यामुळे चामड्याचं काम त्या दिवसांत हातोहात मिळणार नाही. दोऱ्याची मूठ मात्र थांबलात तर त्याच दिवशी नेता येईल.