घावन (गोड)

तांदळाच्या पिठीचे पातळ, मऊ, जाळीदार धिरडे. ठाणे-नवी मुंबईतल्या आगरी-कोळी घरांत याच जातीच्या पदार्थाला 'पोळे' म्हणतात. आंबोळीसारखी यात उडदाची डाळ नसते आणि पीठ आंबवावेही लागत नाही. नीर डोसा याचा जवळचा नातलग. पण तो भिजवलेला तांदूळ वाटून करतात, घावन कोरड्या पिठीचे.

पिठी जुन्या तांदळाची घ्यावी. नव्या तांदळाची चिकट होते. तांदूळ धुऊन, सावलीत फडक्यावर वाळवून बारीक दळावा. गिरणीत 'तांदळावर तांदूळ' दळायला सांगावे. आधी गहू दळलेला असेल तर जात्यातली कणीक पिठीत उतरते आणि घावन चामट होते.

1 वाटी पिठी, 2 ते सव्वादोन वाट्या पाणी, पाव चमचा मीठ. मिश्रण ताकाइतके पातळ हवे. 15 मिनिटे झाकून ठेवावे. पिठी तळाशी बसते, म्हणून दर वेळी ढवळूनच वाटी भरावी. हे विसरले की पहिली घावने कागदासारखी आणि शेवटची जाड भाकरीसारखी होतात.

तवा बिडाचा, चांगला तापलेला. अर्ध्या कांद्याने तेल फिरवतात. नैवेद्याला कांदा चालत नाही, तेव्हा केळीच्या पानाचा देठ. पीठ कडेकडून मध्याकडे ओतावे, पळीने पसरू नये. तव्यावर पडताच चर्र आवाज आला, की वाफेने जाळी पडते. आवाज नाही म्हणजे तवा गार. ते घावन चिकटणारच. झाकण ठेवून मिनिटभर थांबावे, कडा आपोआप सुटल्या की उलटावे. गव्हासारखा चिवटपणा तांदळात नसल्याने घाईने उचकटलेले घावन फाटते. फ्लॅटमधल्या लहान बर्नरवर मधला भाग करपतो आणि कडा कच्च्या राहतात. तवा सरकवत राहणे हाच त्यावर उपाय. गरम घावने एकमेकांवर रचू नयेत, चिकटतात; फडक्यावर सुटी ठेवून मग त्रिकोणी घडी घालावी.

सोबत नारळाचा रस: 1 नारळ खवून, कोमट पाणी घालून वाटावा, पिळून दाट दूध काढावे. त्यात पाऊण वाटी चिरलेला गूळ, वेलची, किंचित मीठ. गूळ ढवळूनच विरघळवावा. रस उकळला तर फुटतो. चिकीचा गूळ घेऊ नये. ज्येष्ठागौरीला कोकणातून आलेल्या अनेक घरांत घावन-घाटल्याचा नैवेद्य असतो. घाटले म्हणजे तांदळाची पिठी गुळाच्या पाण्यात शिजवून, शेवटी नारळाचे दूध घालून केलेली दाटसर खीर. ओले खोबरे-गुळाचे सारणही घडीत भरतात, पण ते कोरडे परतलेले हवे. ओलसर सारणाने घावन भिजून फुटते. मे महिन्यात आमरस असला, की बाकी काही लागत नाही.

गार झाल्यावर घावन कडक होते. गरम तव्यावर पाण्याचा हबका मारून, झाकून अर्धा मिनिट ठेवले की पुन्हा मऊ पडते. रस मात्र पानावर बसल्यावरच घालावा, आधी भिजवलेल्याचा लगदा होतो.