लँडिंगच्या अपघातानंतर विमान पुन्हा सुरू करण्यापूर्वी

विमानमालक व वैमानिक ग्राहकांसाठी माहिती

छोट्या खासगी विमानांच्या लँडिंगच्या अपघातांत बहुतेक वेळा सर्व जण सुखरूप बाहेर येतात, आणि म्हणूनच पुढची घाई होते. विमान धावपट्टीवर आदळून उसळते, पुढचे चाक दुमडते, प्रोपेलर जमिनीला घासतो; मग नवा प्रोपेलर बसवून विमान उडवत घरी न्यावे, असा विचार सुरू होतो. कृपया तसे करू नये.

वाकलेले पाते डोळ्यांना दिसते, परंतु क्रँकशाफ्टला, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या इंजिनातील मुख्य दांड्याला, बसलेला धक्का दिसत नाही. त्याला बारीक तडा गेला असेल किंवा त्याच्या मागच्या टोकाचा गिअर सैल झाला असेल, तरी इंजिन जमिनीवर सुरळीत चालू शकते आणि नंतर कधीतरी हवेत बंद पडू शकते. विमानांची इंजिने बनवणाऱ्या लायकमिंग कंपनीच्या सूचनेनुसार, पात्याला किरकोळ घासकामापलीकडची दुरुस्ती लागत असेल, तर इंजिन बंद असताना झालेला आघातही प्रोपेलर-आघातच मानला जातो. उंच गवतात किंवा पाण्यात आदळून प्रोपेलरचे फेरे अचानक मंदावले तरीही तसेच. अशा वेळी इंजिन उघडून तपासावे, असाच सल्ला आम्ही देतो. हे काम खर्चिक आणि वेळखाऊ आहे, हे मान्य आहे.

प्रोपेलर वाचला म्हणून निश्चिंत होऊ नये. उसळलेले विमान खाली बसवण्यासाठी नियंत्रण पुढे ढकलले गेले असेल, तर सारा भार पुढच्या चाकावर येतो आणि फायरवॉलच्या (इंजिन व केबिन यांमधील आगरोधक भिंतीच्या) पत्र्याला सुरकुत्या पडतात किंवा इंजिन माउंट (इंजिन धरून ठेवणारा सांगाडा) वाकतो.

घटनास्थळी प्रथम माणसांना बाहेर काढावे आणि शक्य असल्यास इंधन व मास्टर स्विच (विमानाच्या विजेचा मुख्य स्विच) बंद करावेत. त्यानंतर विमान हलवण्यापूर्वी तपास यंत्रणेची परवानगी घ्यावी. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट 13 नुसार, कोणालाही गंभीर इजा झालेली नसताना केवळ प्रोपेलर, पंखांची टोके, टायर किंवा ब्रेक एवढ्यापुरतेच नुकसान झाले असेल, तर त्याला अपघात म्हटले जात नाही; तरीही घटना कळवावी लागू शकते, आणि तो निर्णय मालकाने स्वतः करू नये. विमा कंपनीला कळवल्याशिवाय कोणताही भाग खोलू नये.

आमच्याकडे विमान पाठवताना घटनास्थळाची छायाचित्रे आणि इंजिन व प्रोपेलरची लॉगबुके द्यावीत, तसेच आघाताच्या वेळी इंजिन किती शक्तीवर होते आणि ते लगेच थांबले की चालू राहिले, हे वैमानिकाकडून लिहून घ्यावे.