मांडवीच्या काळ्या पुळणीवर येण्यापूर्वी : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

रत्नागिरीचा काळा समुद्र, म्हणजे मांडवीची पुळण (वाळूचा किनारा), पाहण्यासाठी आमची गाडी ठरवणाऱ्या मंडळींकडून दोन प्रश्न हमखास येतात : ही वाळू इतकी काळी कशी, घाण तर नाही ना, आणि निघण्याची वेळ आपण ठरवायची सोडून आम्ही का ठरवतो. पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येते. दुसऱ्यासाठी मात्र आपण दोन मिनिटे अधिक द्यावीत, कारण सहलीचा दिवस वाया जातो तो तिथेच.

वाळू स्वच्छ आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखींतून वाहिलेल्या लाव्हारसाचा काळा कातळ झाला, तोच झिजून नद्या-ओढ्यांवाटे समुद्राला मिळतो, आणि त्यातील लोह व टायटॅनियम असलेले इल्मेनाइट हे खनिज या वाळूला तिचा रंग देते. हे कण नेहमीच्या पांढऱ्या वाळूपेक्षा सुमारे पावणेदोनपट जड असतात. त्यामुळे सुपात धान्य पाखडावे तशी लाट हलके कण वाहून नेते आणि जड कण जागीच राहतात. मुले बरोबर असतील तर कागदात गुंडाळलेले लोहचुंबक कोरड्या वाळूवरून फिरवून पाहावे, काही कण कागदाला बारीक केसांसारखे उभे चिकटतात. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर कधी कधी तेलाचे गोळे येतात, ते वेगळे. तेल हाताला चिकटून राहते. ही वाळू सुकली की झटकून निघते आणि तळहातावर डाग उरत नाही.

आता वेळेविषयी. मांडवीला पूर्ण भरती असताना, विशेषतः पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाच्या दिवसांत, बसण्याजोगी वाळू फारच थोडी उरते. पाणी ओसरले की तीच पुळण लांबरुंद होते. पूर्ण भरतीची वेळ काढण्याची आपल्याकडील जुनी रीत सोपी आहे : पंचांगातील तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. अष्टमीला सहा वाजता, तर पौर्णिमा-अमावास्येला (दोन्हींचा आकडा पंधरा धरून) सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती येते. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, लागते. तिथी दिवसाच्या मध्येच बदलत असल्याने अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आम्ही भरतीचे छापील वेळापत्रकही पाहतो. पण सहलीचा बेत आखायला एवढा हिशेब पुरतो.

सर्वाधिक चूक होते ती संकष्टीला. गणपतीपुळ्याचे दर्शन घ्यावे, तेथेच जेवावे आणि आरे-वारे मार्गे सुमारे २५ किलोमीटर येऊन साडेतीनला मांडवीला चटई अंथरावी, असा बहुतेकांचा बेत असतो. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणजे नेमकी तेव्हाच भरती, आणि तीही उधाण नुकतेच होऊन गेल्यामुळे मोठी. मागे एका संकष्टीला ११ जणांचे एक कुटुंब आमचे न ऐकता याच वेळी आले. आजी पायरीवर पिशवी मांडीत घेऊन बसल्या, लाट खालच्या पायऱ्यांवर येत होती, आणि वाळू दिसेपर्यंत दीड तास सर्वांनी गाडीत काढला. आम्हालाही वाईट वाटले. त्याच दिवशी सकाळी पावणेनऊला सुकती होती. आधी मांडवी आणि मग गणपतीपुळे असा क्रम ठेवला असता तर नातवंडांना दोन तास मनसोक्त खेळता आले असते.

सकाळचा आग्रह आम्ही आणखी एका कारणाने धरतो. काळी वाळू ऊन फार शोषते, आणि मार्च ते मे या काळात अकरा ते चार अनवाणी पाऊल ठेवणे कठीण होते. चपला गाडीत ठेवून उतरू नये, लहान मुलांच्या तर नाहीच. पावसाळ्यात आम्ही पुळणीवर नेतो, पण पाण्यात कोणालाही उतरू देत नाही. त्याबाबत कृपया आग्रह करू नये.

काही ग्राहकांना आमची वेळेची अट जाचक वाटते, हे आम्हाला ठाऊक आहे. सकाळी आठला निघण्यासाठी सुटीच्या दिवशी लवकर उठावे लागते, हेही खरे. परंतु आम्हीच वेळ ठरवत असल्यामुळे ती चुकण्याची जबाबदारीही आमची राहते. आम्ही सांगितलेल्या वेळी पोहोचून बसायला वाळू मिळाली नाही, तर तेवढ्या प्रतीक्षेचे पैसे आम्ही घेत नाही. चटया, मोठी छत्री, पिण्याचे पाणी आणि सकाळच्या फेरीत गरम घावने व ओल्या खोबऱ्याची चटणी ठरलेल्या दरातच येतात. वयस्कर मंडळींसाठी घडीच्या दोन खुर्च्याही देतो, मात्र त्या आदल्या दिवशी सांगाव्या लागतात. फोन करताना आपण तारीख, माणसांची संख्या आणि त्याच दिवशी आणखी कोठे जायचे आहे एवढे सांगावे. निघण्याची वेळ आम्ही फोन आल्याच्याच संध्याकाळी कळवतो.