मशहद सफवींनी वसवलेलं नाही
इराणातलं मशहद शहर आणि तिथला शियांचे आठवे इमाम रझा यांचा दर्गा सफवी या शिया घराण्यातल्या बादशहांनी उभारला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. सफवी सत्तेवर आले १५०१ मध्ये. इमाम रझा वारले ८१८ मध्ये. तूसजवळच्या सनाबादला, म्हणजे आजच्या मशहदलाच, खलिफा हारून अल-रशीदच्या कबरीशेजारीच त्यांचं दफन झालं. चौदाव्या शतकात तिथे गेलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने लिहून ठेवलंय: शिया यात्रेकरू हारूनच्या कबरीला लाथ मारायचे आणि इमामांना सलाम करायचे. दर्ग्याला लागून असलेली भव्य मशीद तर तैमूरची सून गौहरशाद हिने बांधवली, १४१८ मध्ये. आणि हे घराणं सुन्नी होतं! मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. सफवींनी घुमटाला सोनं चढवलं, पण यात्रा त्याआधीच भरत होती.