गिटारची हमिंग आणि बॅलन्स्ड केबल

सांगलीत गणेशोत्सव जवळ आला की ऑर्केस्ट्रातील गिटारवादक ध्वनिसाहित्याच्या दुकानांत ‘बॅलन्स्ड’ केबलची चौकशी करू लागतात. गिटारपासून मिक्सरपर्यंत ही महागडी केबल टाकली की हमिंग, म्हणजे स्पीकरमधून सतत येणारी गुणगुण, थांबेल, अशी त्यांची अपेक्षा असते. ती बहुधा पुरी होत नाही आणि त्यात केबलचा काहीच दोष नसतो.

गिटारच्या साध्या केबलमध्ये मधोमध एक तार आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी असते. बाहेरचा गोंगाट अडवणे आणि सिग्नलला परतीची वाट देणे ही दोन्ही कामे त्या एकाच जाळीला करावी लागतात, त्यामुळे आसपासच्या 50 हर्ट्‌झच्या वीजवाहिन्यांचा आणि मंडपातल्या दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या डिमरचा उपद्रव थेट सिग्नलमध्ये मिसळतो. बॅलन्स्ड केबलमध्ये जाळीच्या आत एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा असतात. बाहेरचा गोंगाट दोघींवर जवळजवळ सारखाच उमटतो, आणि मिक्सर दोघींतील फक्त फरक उचलत असल्याने तो वजा होतो. टेलिफोनच्या तारांमधील खरखर कमी करण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी पीळ घातलेल्या जोडीचे पेटंट 1881 मध्येच घेतले होते.

दोन तारांतून एकमेकांच्या उलट सिग्नल जातात म्हणून गोंगाट जातो, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. खरी अट ही, की दोन्ही तारांचा जमिनीच्या संदर्भातील इम्पिडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा एकूण अवरोध, सारखा हवा. काही उपकरणे सिग्नल एकाच तारेतून पाठवतात आणि दुसरी तार तेवढ्याच रोधातून जमिनीला जोडतात; तरीही गोंगाट तितकाच वजा होतो. थोडक्यात, समतोल हा पाठवणारे उपकरण, केबल आणि मिक्सर या तिघांनी मिळून साधायचा असतो.

गिटार इथेच अडते. साध्या इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपचे (तारांच्या कंपनांचा विद्युत सिग्नल करणाऱ्या वेटोळ्याचे) एक टोक जमिनीला जोडलेले असते आणि तिच्या जॅकला दोनच जोडण्या असतात. त्यात तीन जोडण्यांचा टीआरएस प्लग घातला तर दुसरी तार जाळीलाच टेकते आणि महागड्या केबलचे काम साध्या केबलइतकेच होते. शिवाय पिकअपमध्ये बारीक तारेचे हजारो वेढे असल्याने त्याचा इम्पिडन्स मोठा असतो, आणि केबलची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, दर मीटरला साधारण 100 पिकोफॅरड धरली तर वीस मीटरच्या केबलमध्ये वरच्या पट्टीतील धार बोथट होणारच.

यावर उपाय डीआय बॉक्सचा, म्हणजे गिटारचा सिग्नल बॅलन्स्ड करून देणाऱ्या छोट्या डबीचा. गिटारपासून या बॉक्सपर्यंत पाच-सहा मीटरपेक्षा लांब नसलेली साधी केबल आणि तिथून मिक्सरच्या माइक इनपुटपर्यंत एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांची बॅलन्स्ड, केबल, जी तीस-चाळीस मीटर लांब असली तरी चालते. पॅसिव्ह, म्हणजे विजेशिवाय चालणाऱ्या, बॉक्समधील ट्रान्सफॉर्मर आणि जाळीची जमिनीशी जोडणी तोडणारे ग्राउंड लिफ्टचे बटण अर्थिंगच्या दुहेरी वाटेमुळे येणारी हमिंगही तोडतात. त्यासाठी अॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे मात्र जिवावर बेतू शकते, विशेषतः भाद्रपदातल्या ओल्या मंडपात. गिटारच्या आवाजाला निरनिराळे परिणाम देणारा मल्टिइफेक्ट प्रोसेसर वापरत असाल तर आधी त्याची मागची बाजू वाचावी: आउटपुट बॅलन्स्ड असेल तर डीआय बॉक्सची गरज बहुधा पडत नाही, पण मिक्सरवरील 48 व्होल्टचा फँटम पुरवठा (केबलमधूनच माइकला दिली जाणारी वीज) बंद ठेवावा.

गिटारच्या पिकअपमध्येच शिरलेली हमिंग कोणतीही केबल काढू शकत नाही. तिच्यासाठी गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला तो हंबकर हा पिकअप आहे. त्यातही दोन वेटोळी वजाबाकीचेच तत्त्व वापरतात.

केबल स्वतः जोडून घेणाऱ्यांनी एक्सएलआरची 1 क्रमांकाची पिन जाळीला, 2 सिग्नलच्या तारेला आणि 3 उलट सिग्नलच्या तारेला द्यावी आणि मल्टिमीटरने तिन्ही तपासाव्यात. दोन तारांपैकी एक तुटली तरी आवाज येतच राहतो, फक्त क्षीण होतो आणि त्यात हमिंग मिसळते; त्यामुळे हा बिघाड कार्यक्रमभर कोणाच्या लक्षातही न येण्याची शक्यता असते.